तातडीने मदत हवी: लाळ घातली तरी आयोडीन निळंच पडतंय

मुग्धाई: लेकीचं उद्या सकाळी ९ ला शाळेत विज्ञान प्रदर्शन आहे. आयोडीन पिठातल्या पिष्टावर (स्टार्चवर) निळं होतं आणि लाळ ते पिष्ट मोडते, म्हणून पिठाच्या खळीत लाळ घालायची, थोड्या वेळाने आयोडीन टाकलं की निळा रंग यायला नको. आमचा येतोच, तोही शाईसारखा. तीनदा करून झालं, पोर रडकुंडीला आलीय. काय चुकतंय? लवकर सांगा.

खडूफळा: कसली खळ? किती पाण्यात किती पीठ? लाळ किती, ठेवली किती वेळ? हे कळल्याशिवाय काय सांगणार?

मुग्धाई: कॉर्नफ्लोर, वाटीभर पाण्याला दोन चमचे. लाळ घालतात तेवढी घातली. पाच मिनिटं थांबलो.

निवांत: हल्ली मुलं चावून खातच नाहीत, मूळ दुखणं ते. आमचे आजोबा एकेक घास ३२ वेळा चावायचे. कोरडी पोळी तशी चावून बघा, गोडसर लागते. तेच दाखवा, आयोडीन हवं कशाला?

खडूफळा: निवांत, मुलीच्या तोंडातली गोडी परीक्षकांना कशी कळणार? शिवाय पिष्टाचं माल्टोज होतं, ते साखरेइतकं गोड नसतंच. मुग्धाई, दोन चमचे म्हणजे लापशी झाली. पाव चमचा पुरे.

नाचणीप्रेमी: लाळेपेक्षा मोड आलेल्या नाचणीचं पीठ घ्या. त्यातही लाळेसारखंच पिष्ट मोडणारं विकर (एन्झाइम) असतं. नातवाच्या घट्ट पेजेत चिमूटभर घालते, बघता बघता पातळ होते.

मुग्धाई: काकू, उद्या सकाळी प्रदर्शन आहे हो. मोड कधी यायचे?

लॅबवाले अण्णा: खळ शिजल्यावर किती वेळाने लाळ घातलीत?

मुग्धाई: लगेच. वाफ येत होती. गार झाली की गोळा होते म्हणून.

लॅबवाले अण्णा: तिथेच घात झाला. लाळेतलं अमायलेज, पुस्तकातलं टायलिन, हे प्रथिन आहे. उकळत्या खळीत पडलं की कायमचं निकामी, मग खळ गार करून उपयोग नाही. त्याला ३७ अंशांच्या आसपासची ऊब लागते. पाव चमचा पीठ गार पाण्यात कालवून शिजवा आणि मनगटावर थेंब कोमट लागेपर्यंत थांबा. मुलीला चूळ भरून चमचाभर लाळ काढू दे. आयोडीन नळीत ओतू नका. दर दोन मिनिटांनी खळीचा थेंब पांढऱ्या बशीत घेऊन त्यावर टाका. दुसऱ्या नळीत उकळून गार केलेली लाळ घाला. ती निळीच राहील, तीही मांडा.

विचारू का: यांना मधुमेह आहे. भात खूप चावला तर साखर कमी चढेल का? पोटातल्या आम्लाने लाळेचं काम थांबतंच ना?

खडूफळा: हो, पोटात गेलं की लगेच बंद.

लॅबवाले अण्णा: लगेच नाही. घासाच्या गोळ्यात आतवर आम्ल झिरपेपर्यंत चालू राहतं. उरलेलं लहान आतड्यात, स्वादुपिंडाच्या अमायलेजने होतं. ताई, साखरेचं मात्र डॉक्टरांनाच विचारा.

निवांत: म्हणजे ३२ वेळा चावणं बरोबरच.

मुग्धाई: अण्णा, जमलं! पहिला थेंब निळा, मग जांभळट, मग तांबूस. दहाव्या मिनिटाला नुसता आयोडीनचा पिवळा. उकळलेल्या लाळेची नळी अजून निळीशार आहे. लेक बशी हातात घेऊन घरभर दाखवत फिरतेय.