संमतीने घटस्फोट: सहा महिने थांबावंच लागतं का?

प्रश्न:
लग्न हिंदू विवाह कायद्याखालचं, शेवटचं एकत्र राहणं पुण्यात. २० महिने वेगळे राहतोय, मूल ६ वर्षांचं. दोघांचीही संमती आहे. एक वकील म्हणतात सहा महिने थांबावंच लागेल, दुसरे म्हणतात त्याआधीही होईल. कुणाचं खरं? आणि मध्येच एकाने माघार घेतली तर?

प्रतिसाद १:
दोघांचंही अर्धं खरं. कलम १३ब प्रमाणे अर्जाआधी किमान एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं लागतं. अर्ज दाखल झाल्यावर सहा महिन्यांनंतर, पण १८ महिन्यांच्या आत, दोघांनी मिळून पुन्हा मागणी करायची. हे सहा महिने न्यायालय माफ करू शकतं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये अमरदीप सिंग प्रकरणात ठरवलं. मात्र अर्जाआधीच दीड वर्ष वेगळं राहणं झालेलं हवं, समेटाचे प्रयत्न फसलेले हवेत, पोटगी आणि मुलाचा ताबा खरोखर मिटलेला हवा. माफीचा अर्ज मूळ अर्जानंतर आठवड्याने करता येतो. तुमचे २० महिने पुरतात, पण माफी द्यायची की नाही हे न्यायाधीश ठरवतात. वेगळे झाल्याची तारीख अर्जात आणि दोघांच्या शपथपत्रांत एकच असू द्या.

प्रतिसाद २:
माझ्या मते खरी गाडी अडते ती कन्सेंट टर्म्सवर, म्हणजे दोघांनी मान्य करून न्यायालयात दिलेल्या लेखी अटींवर. ‘वडील मुलाला भेटतील’ एवढंच लिहिलं की समुपदेशकांसमोरच पुन्हा वाद सुरू. कोणता शनिवार, किती ते किती, दिवाळी आणि मे महिन्याची सुट्टी कुणाकडे, शाळेची फी कोण भरणार, पासपोर्टच्या अर्जावर सही कोण देणार, सगळं लिहा. पोटगी एकरकमी असेल तर डीडी कोणत्या टप्प्यावर किती रकमेचा, तेही. फ्लॅट दोघांच्या नावावर असेल तर हक्कसोडपत्र नोंदवावं लागतं, आणि गृहकर्जातून नाव काढायला बँकेची मंजुरी लागते. त्याला वेळ जातो, आधीच सुरू करा. पती किंवा सासरच्यांनी केलेल्या छळाचा गुन्हा (जुनं कलम ४९८अ, जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ८५) दाखल असेल तर कौटुंबिक न्यायालय तो रद्द करू शकत नाही, त्यासाठी उच्च न्यायालयात वेगळा अर्ज लागतो.

प्रतिसाद ३:
माघारीबद्दल: हुकूमनामा, म्हणजे घटस्फोटाचा अंतिम आदेश, होईपर्यंत कुणीही संमती मागे घेऊ शकतं (सर्वोच्च न्यायालय, सुरेश्ता देवी प्रकरण, १९९१). मग कलम १३ खाली कारण सिद्ध करत लढायचं. कलम २१ब म्हणतं की नोटीस बजावल्यापासून सहा महिन्यांत निकाल देण्याचा प्रयत्न व्हावा. प्रत्यक्षात वर्षं जातात. पहिला खोळंबा समन्सचा: ‘घर बंद’ शेरा मारून परत आलं की पुढची तारीख. म्हणून घराबरोबर ऑफिसचाही पत्ता द्या. दुसरा अंतरिम पोटगीचा. रजनेश विरुद्ध नेहा या सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या निकालानंतर दोघांनाही मालमत्ता आणि देण्यांचं शपथपत्र द्यावं लागतं; पगाराच्या स्लिपा, आयकर विवरणपत्रं आणि बँक स्टेटमेंटं अर्धवट जोडली की तारखा वाढतात. उलटतपासाला गैरहजर राहणं हा तिसरा.

प्रतिसाद ४:
पुनर्विवाहाचं लक्षात असू द्या. लढून मिळालेल्या निकालावर अपिलाची मुदत ९० दिवस, तोवर लग्न करता येत नाही. कौटुंबिक न्यायालयाच्या संमतीच्या हुकूमनाम्यावर अपील नसतं. प्रमाणित प्रतीचा अर्ज मात्र निकालाच्या दिवशीच टाका. पुढे पासपोर्ट, बँक, सगळीकडे तीच मागतात.