घरातला हिशेब मुलांना कधी कळला? (अनुभव धागा)

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या एका गावात मी प्राथमिक शाळेत शिकवते. चवथीची, म्हणजे गणपतीची, सुट्टी संपली की वर्गात दोन-तीन मुलं हमखास अशी दिसतात, ज्यांच्या अंगावर नवे कपडे असतात आणि वहीला पैसे नसतात. कपड्यांचे पैसे कुठून आले हे त्यांना माहीत असतं. ते बोलायचं नसतं, हेही माहीत असतं. गल्ल्यात नाणी टाकायला आपण सगळेच शिकवतो; कर्ज, व्याज, उधारी निघाली की मात्र ‘तू अभ्यास कर’. तुमच्या घरात हे बोलणं मुलांपर्यंत कसं पोचलं? उपदेश नको, घडलेलं लिहा.

डिचोली

बाबांनी खनिज वाहतुकीसाठी कर्जावर टिपर (मालवाहू ट्रक) घेतला होता. 2012 च्या सप्टेंबरात खाणी बंद पडल्या तेव्हा मी आठवीत. टिपर अंगणात उभा, आम्ही त्याच्याभोवती लपाछपी खेळायचो. हप्ता म्हणजे काय ते वसुलीवाले दारात आले त्या दिवशी कळलं. बाबा मागच्या दाराने बाहेर आणि ‘घरी नाहीत’ सांगायला मी पुढे. त्या खोट्याची लाज अजून जात नाही. 2018 ला खाणी पुन्हा बंद झाल्या तोवर टिपर विकून झाला होता, कर्ज नव्हतं झालं.

आता मी पिकअप घेतला. 5 लाख, 12 टक्के, 5 वर्षं, हप्ता 11,122. भाचा नववीत आहे, त्याला मुद्दाम शेजारी बसवून परतफेडीचा तक्ता दाखवला. पहिल्या हप्त्यातले 5,000 नुसते व्याजाचे. तो म्हणाला, ‘मामा, म्हणजे सगळे पैसे गाडीचे नाहीतच?’ नाहीत बाबा. शेवटी 5 लाखांचे 6 लाख 67 हजार होतात. मग त्यानेच विचारलं, काम बंद पडलं तर किती महिने भरशील? तो प्रश्न 2012 च्या आधी आमच्या घरात कोणी विचारला नव्हता. मी तीन हप्ते बाजूला ठेवलेत. पुरेसे नाहीत, पण आहेत.

म्हापसा

आई मासळी विकते, पप्पा ट्रॉलरवर. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, आणि शाळेची फी, पुस्तकं, छत्र्या नेमक्या तेव्हाच. दर वर्षी आई एका बाईकडून उसने घ्यायची, शंभराला महिना पाच रुपये. ‘पाचच तर रुपये’ असं ती म्हणायची. सहावीत सरळव्याज शिकले आणि घरी येऊन सांगितलं, आई, हे वर्षाला साठ टक्के झाले. आईने आधी मला झापलं, मग रात्री परत विचारलं.

पुढच्या गणपतीनंतर पिग्मी (एजंट दारी येऊन रोज थोडे पैसे जमा करून नेतो ती बचत) सुरू केली, रोजचे 50. महिन्याला साधारण 1,500, म्हणजे मे अखेरपर्यंत बारा हजारांच्या आसपास. एजंट आला की त्याच्याकडून पुस्तकात आकडा आणि सही घ्यायची, हे काम माझं. एकदा त्याने तीन दिवसांच्या नोंदीच केल्या नव्हत्या. ‘विसरलो’ म्हणाला. असेल. पण तेव्हापासून तो मला ‘मॅनेजरीण’ म्हणतो.

वास्को

सगळं खरं, पण एक विचारू? मला पगार 14 हजार, भाडं 5 हजार. मुलाला बचत शिकवू म्हणजे नेमकं काय वाचवायला शिकवू? काटकसर आम्हाला कोणी शिकवायची गरज नाही. त्याला मी एवढंच दाखवलं, की माझ्या पगारातून पीएफ कापतात आणि तेवढेच मालकानेही भरायचे असतात. तो मोबाईलवर माझी पासबुक बघतो. सहा महिने मालकाचे आले नव्हते, त्यानेच पकडलं.

फोंडा

वास्कोकरांशी सहमत, प्रश्न काटकसरीचा नसतो. आमच्याकडे पैसा कमी नव्हता, तो मटक्यात जायचा. काकाच्या चिठ्ठ्या पोचवायला मीच, दहा वर्षांचा. आता शिकवणी घेतो. मुलांना 0 ते 9 अशा दहा चिठ्ठ्या करायला लावतो, प्रत्येकाला चिंचोके देतो. आकडा लागला तर एकाचे नऊ. पहिल्या दहा मिनिटांत एक-दोघे राजे होतात. तासाभराने सगळे चिंचोके माझ्या डब्यात. एक मुलगी म्हणाली, सर, दहात एकदा लागणार आणि नऊच देणार, म्हणजे तुम्ही काही न करता जिंकता. काकाला हे कोणी सांगितलं असतं तर थांबला असता का? नसता बहुतेक.

वाळपई

काजूच्या दिवसांत आजी एका झाडाखालच्या बिया नातवंडांना द्यायची. घरच्या काट्यावर साडेचार किलो, दुकानात चार. ‘ओल्या आहेत’ म्हणे. दुसऱ्या वर्षी आजीने सांगितलं, आधी वाळवा, मग दोन ठिकाणी भाव विचारा. भाऊ आणि मी तीन मैल चालून दुसऱ्या दुकानात गेलो. पैसे फार जास्त मिळाले नाहीत. पण पहिल्या दुकानदाराने पुढच्या वेळी काटा आमच्याकडे तोंड करून ठेवला.

काणकोण

छोटंसंच. मुलगी दहाची झाली तेव्हा तिचं बँकेतलं खातं तिनेच चालवायचं ठरलं, नियमाने दहाव्या वर्षापासून तशी मुभा आहे. यंदा चवथीचा खर्च तिच्याकडे दिला, 6,000 रुपये आणि एक वही. फटाक्यांवर तिने स्वतःच काट मारली, मखराच्या दिव्यांवर मारली नाही, त्यावरून आजोबांशी भांडलीही. वहीत माटोळीच्या (गणपतीवर टांगायच्या फळा-पानांच्या सजावटीच्या) पानावर तिची ओळ आहे: ‘सुपारीचं शिपटं, आजोळच्या कुळागरातलं, 0 रुपये. आजीला बसभाडं 40.’