धूर पण रंगवलाय त्यांनी

एकानं लिहिलंय की इम्प्रेशनिस्ट लोकांनी, म्हणजे एकोणिसाव्या शतकातल्या मोने, पिसारो, कायबोट अशा फ्रान्समधल्या चित्रकारांनी, नुसत्या बागा नि होड्या काढल्या, कारखान्यांकडं पाठ फिरवली. मला हे पटत नाही. १८७७ साली मोनेनं पॅरिसच्या सँ-लाझार स्टेशनची डझनभर चित्रं काढली, काचेचं छप्पर, खाली इंजिनं आणि सगळीकडं निळसर वाफ. पिसारोनं तर पॅरिसबाहेरच्या पाँत्वाज गावाजवळच्या कारखान्याची धुराडी सरळ नदीकाठी उभी केलीत. कायबोटनं गुडघ्यावर बसून लाकडी फरशी तासणारे उघडे मजूर काढले तर १८७५ च्या सलोंनं, म्हणजे पॅरिसच्या मोठ्या अधिकृत चित्रप्रदर्शनानं, ते चित्र नाकारलं, मग कामगार दिसू नयेत असं नेमकं कुणाला वाटत होतं?

आणि त्या बागा तरी कशा आल्या, तर रेल्वेमुळंच की. पॅरिसजवळच्या आर्जांतई या नदीकाठच्या गावाला गाडीनं जाता यायला लागलं, शिवाय १८४१ ला रँड नावाच्या चित्रकारानं पत्र्याच्या रंगट्यूबचं पेटंट घेतलं, त्याआधी तेलरंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत बांधून ठेवायचे, ते घेऊन उन्हात कोण किती फिरणार!

मी जालन्याचा. आमचे काका दुकानांच्या पाट्या रंगवायचे, आधी खडूच्या दोऱ्यानं रेघ मारायची, मग चपट्या ब्रशनं 'किराणा' मधला 'कि' एका दमात वळवायचा. फ्लेक्स आला आणि दोन-तीन वर्षात काम बंद झालं. ब्रश अजून रॉकेलच्या डब्यात उभे हायेत. त्यामुळं मशीन आणि चित्रकार हा विषय निघाला की मला आधी तो डबाच दिसतो.