मदत हवी आहे : साडीच्या चुण्या हाताने घालवण्याला नेमकं क्रियापद कोणतं?

सुती साड्यांच्या निगेबद्दल सूचना लिहिताना एक शब्द अडलाय. इस्त्री 'करणे' म्हणजे पूर्ण काम, 'फिरवणे' म्हणजे वरवर. तिथे गोंधळ नाही. प्रश्न त्याआधीच्या हातकामाचा. खळ दिलेली साडी दमट असतानाच दोघींनी टोकं धरून ताणायची, घडी घालायची आणि मधून काठाकडे तळहात दाबत न्यायचा. कडकडीत वाळली तर खळ चुणीसकट घट्ट होते, मग पाणी शिंपडल्याशिवाय हलत नाही. या तळहाताच्या कामाला काय म्हणावं? 'सारखी करणे' मोघम. ते पदरालाही चालतं नि अंथरुणालाही. 'चापणे' जवळचं वाटतं, पण लगेच 'चापूनचोपून नेसणे' आठवतं. तुमच्याकडचं क्रियापद वाक्यासकट सांगा, भागही लिहा.