खटल्यात मंडळाचं नाव घालावं का?

लायडेनकर, मंगळवार रात्री

नमस्कार मंडळी,
नेदरलँड्समधल्या आपल्या मराठी मंडळाच्या रविवारच्या बैठकीत एक विषय घ्यावा ही विनंती. शेल या तेल कंपनीनं कार्बन उत्सर्जन कमी करावं म्हणून मिल्यूडेफेन्सी या पर्यावरण संस्थेनं केलेला खटला होगे राडपर्यंत, म्हणजे इथल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलाय. आपल्यातली कितीतरी घरं समुद्रसपाटीच्या खाली आहेत. पंप बंद पडले तर गणपतीचं विसर्जन दिवाणखान्यातच होईल. मंडळानं सहवादी म्हणून नाव घालावं असं मला वाटतं. पैसे नकोत, नुसतं नाव.

रिस्विककर, बुधवार सकाळी

आधीच सांगतो, माझं पोट तेलाच्या धंद्यावर आहे. तरी बोलतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये हेगच्या अपील न्यायालयानं शेलवरचा उत्सर्जनात ४५ टक्के कपातीचा आदेश रद्द केला. मग हरलेल्या घोड्यावर मंडळाचं नाव कशाला? शिवाय धोरण ठरवायला आपण संसद निवडतो, न्यायाधीश नाही. या संस्थांच्या हवामान खटल्यांपायीच दिवसा बहुतेक हायवेवर ताशी १०० च्या वर जाता येत नाही. ग्रोनिंगनला जाताना झोप लागते.

डेल्फ्टकर, बुधवार दुपारी

रिस्विककर दादा, झोपेचं खापर चुकीच्या खटल्यावर फोडताय! १०० ची मर्यादा नायट्रोजनमुळे आली. मे २०१९ मध्ये राड फान स्टाटेनं (प्रशासकीय खटल्यांचं इथलं सर्वोच्च कोर्ट) सरकारची नायट्रोजन परवान्यांची पद्धत मोडीत काढली आणि मार्च २०२० पासून सकाळी ६ ते संध्याकाळी ७ गाड्या हळू झाल्या. तिथंही पर्यावरण संस्थाच कोर्टात गेल्या होत्या हे खरं, पण विषय हवामानाचा नव्हता, झाडाझुडपांवर आणि दलदलीवर बसणाऱ्या नायट्रोजनचा होता.

हवामानाचा मोठा खटला म्हणजे उर्गेन्डा या पर्यावरण संस्थेनं सरकारविरुद्ध केलेला. मी वकिलांच्या ऑफिसात भाषांतरं करते, त्यामुळे तो निकाल बारकाईनं वाचावा लागला. त्याची एक मुळी एका तळघराच्या १९६५ सालच्या निकालात आहे. आमस्टरडॅमच्या एका कॅफेत कोका-कोला पोचवायला आलेल्या माणसानं जमिनीतलं तळघराचं झाकण उघडं ठेवलं. एक गिऱ्हाईक टॉयलेटकडे निघालं ते थेट खाली. होगे राडनं तेव्हा चार गोष्टी बघायला सांगितल्या. लोक बेसावध असण्याची शक्यता किती, त्यातून अपघात होण्याची किती, लागलंच तर किती लागेल, आणि खबरदारी घ्यायला त्रास किती पडला असता. इथं कायदा शिकणाऱ्या प्रत्येकाला हे ‘केल्डरलौक’ (तळघराचं झाकण) पाठ असतं.

पन्नास वर्षांनी, जून २०१५ मध्ये, हेगच्या न्यायालयानं साधारण हीच फूटपट्टी सरकारला लावली. धोका माहीत आहे, मोठा आहे, टाळता येतो, मग झाकण उघडं का? आदेश असा की २०२० अखेर उत्सर्जन १९९० च्या तुलनेत निदान २५ टक्के कमी करा. सरकार म्हणालं, जगाच्या उत्सर्जनात आमचा वाटा जेमतेम अर्धा टक्का, आमच्यानं काय फरक पडणार? कोर्टानं ऐकलं नाही. आणि हा आकडा न्यायाधीशांनी हवेतून काढला नव्हता. २०११ पर्यंत सरकारचं स्वतःचंच लक्ष्य ३० टक्क्यांचं होतं, मग ते गुपचूप खाली आलं. कपात कशी करायची हेही कोर्टानं सांगितलं नाही, ते सरकारवर सोडलं. २०१८ मध्ये अपील न्यायालयानं हे कायम केलं, फक्त आधार बदलला: युरोपीय मानवाधिकार कराराची कलमं २ आणि ८ (जगण्याचा आणि खाजगी व कौटुंबिक आयुष्याचा हक्क). डिसेंबर २०१९ मध्ये होगे राडनंही तेच उचलून धरलं. शेवटी आकडा २५ च्या किंचित वर गेला, त्यात कोविडनं हातभार लावला हे कबूल.

आता शेल. आदेश रद्द झाला, बरोबर. पण त्याच निकालात कोर्टानं म्हटलंय की कंपनीवरही काळजी घेण्याचं कर्तव्य आहे. अडलं ते टक्केवारीवर. जगाच्या सरासरीचा आकडा एका कंपनीच्या गळ्यात बांधता येत नाही, आणि शेलनं विकणं थांबवलं तर तेच तेल दुसरा विकेल. मात्र नव्या तेल-वायू क्षेत्रांत पैसा घालणं या कर्तव्याशी विसंगत ठरू शकतं, हेही तिथंच लिहिलंय. मिल्यूडेफेन्सीनं नेमकं तेवढं उचलून २०२५ मध्ये दुसऱ्या खटल्याची घोषणा केली. हरलेल्या घोड्याची नाल काढून घ्यायची अक्कल आहे लोकांना.

आल्मेरेकर काका, बुधवार रात्री

पोरी, छान लिहिलंस. पण मी २०१९ च्या आधी शेलविरुद्ध सहवादी म्हणून सही केली होती. तिचं काय झालं?
आमच्या मुंबईत हे कधीच होऊन गेलंय म्हणा. बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल अ‍ॅक्शन ग्रुपनं खारफुटीसाठी जनहित याचिका केली. २००५ मध्ये उच्च न्यायालयानं तोड थांबवली, २०१८ मध्ये तर खारफुटी नष्ट करणं म्हणजे राज्यघटनेच्या कलम २१ चा (जगण्याच्या हक्काचा) भंग म्हटलं. मी गोराईच्या खाडीकाठी भराव पडताना बघितलाय. रात्री डंपर यायचे, सकाळी चिखलाच्या जागी डबर.

डेल्फ्टकर, गुरुवार सकाळी

काका, वाईट बातमी. १७ हजारांवर सह्या होत्या आणि न्यायालयानं २०२१ मध्ये त्या सगळ्या बाजूला ठेवल्या. सर्वांच्या हितासाठी संस्था उभी असताना एकेकट्याचा वेगळा हितसंबंध दिसत नाही म्हणून. उर्गेन्डाच्या खटल्यातल्या ८८६ सहवाद्यांचंही पहिल्या फेरीत तेच झालं. मुंबईत कुणीही नागरिक जनहित याचिका घेऊन जाऊ शकतो, इथं संस्थेचं वजन जास्त. तेही कुठल्याही संस्थेचं नाही. दिवाणी संहितेच्या कलम ३:३०५अ प्रमाणे जे हित संस्थेच्या घटनेत लिहिलंय त्यासाठीच तिला उभं राहता येतं. आपल्या घटनेत काय लिहिलंय?

आल्मेरेकर काका, गुरुवार सकाळी

म्हणजे माझी सही फुकट. पेन त्यांचं होतं एवढंच समाधान.

रिस्विककर, गुरुवार दुपारी

नायट्रोजनची चूक मान्य. पण आपण थांबलो तर दुसरा विकेल, हे मी दहा वर्षं सांगतोय आणि सगळे मला हसत होते. आता कोर्टानं म्हटल्यावर कायदेशीर झालं! सगळ्या देशाचा मार्ग पाच न्यायाधीशांनी आखावा हे मला आजही पटत नाही. रविवारी बोलू. वडे मी आणतो.

चिटणीस, गुरुवार रात्री

घटना काढून बघितली. कलम २: ‘मराठी भाषा, साहित्य व सण-उत्सव यांचे जतन.’ समुद्र, हवा, तेल काहीच नाही. तेव्हा मंडळ सहवादी होऊ शकत नाही. घटना बदलायची तर सर्वसाधारण सभा आणि दोन-तृतीयांश मतं लागतील, आणि मागच्या सभेला नऊ जण होते. लायडेनकरांचा विषय ‘माहितीसाठी’ म्हणून घेतलाय, डेल्फ्टकर ताईंनी पंधरा मिनिटं बोलावं.

ता. क. हॉलच्या स्वयंपाकघरात खुर्च्या काढताना तळघराचं झाकण आपण दिवाळीत अख्खी संध्याकाळ उघडं ठेवलं होतं. पोरं तिथून धावत होती. या वेळी लायडेनकर तिथं उभे राहतील.