पुण्याची हवा थंडीतच का बिघडते

कारखाने आणि गाड्या तर बारा महिने चालूच असतात, मग डिसेंबरातच घसा का धरतो असा प्रश्न पडतो, तर त्यात आपल्या भूगोलाचा मोठा हात आहे. पुणे साधारण ५६० मीटर उंचीवर, दक्षिणेला कात्रज-सिंहगडाची रांग, पश्चिमेला सह्याद्री, म्हणजे मोठी परातच म्हणा ना. थंडीत आकाश निरभ्र, वारा पडलेला, रात्री जमीन पटकन गार होते आणि तिला लागून असलेली हवा पण, वर मात्र उबदार हवेचं झाकण बसतं, मग भोसरी-चाकणच्या कारखान्यांचा, गाड्यांचा, शेकोट्यांचा धूर आणि बांधकामाची धूळ सगळं खालीच कोंडून राहतं. सकाळी सातला पर्वतीवरून बघा, शहरावर करडा थर दिसतो, ऊन तापलं की तो विरळ होत जातो. पावसाळ्यात पश्चिमेचे वारे आणि पाऊस मिळून धुवून काढतात.

म्हणून कळकळीने सांगतो, दमा असलेल्या आईवडलांना थंडीत पहाटे फिरायला पाठवू नका, ऊन येऊ दे. आणि अ‍ॅपवर हवा 'समाधानकारक' दिसली म्हणून निर्धास्त राहू नका, तो शेरा आपल्याच सैल मानकावर बेतलेला असतो: पीएम २.५ चं, म्हणजे हवेतल्या अतिसूक्ष्म कणांचं, भारताचं २४ तासांचं मानक घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे, जागतिक आरोग्य संघटनेचं फक्त १५.