प्रोबायोटिक दह्याने कंबरेचा घेर उतरतो का? दोन डबे, दोन लेबलं

मापटं
दोन डब्यांची लेबलं समोर ठेवून विचारतोय.
पहिला डबा: व्हॅनिला दही. वरून घातलेले ला-5 आणि बीबी-12 हे प्रोबायोटिक (आतड्याला उपयोगी मानले जाणारे) जिवाणू, 'उत्पादनाच्या वेळी 1 अब्ज प्रति 100 ग्रॅम', प्रथिनं 3.2 ग्रॅम, एकूण साखर 13 ग्रॅम.
दुसरा डबा: साधं दही. घटक दूध आणि विरजण, बस. प्रथिनं 3.8, साखर 4.4.
एचबीए1सी (रक्तातल्या सरासरी साखरेची चाचणी) 6.1 आहे, घेर वाढलेला, सकाळी थायरॉइडची गोळी असते. रोज 150 ग्रॅम खायचं तर यातलं कुठलं? आणि पहिल्यातलं दोन चमचे विरजण म्हणून वापरलं तर घरचं दही प्रोबायोटिक होईल का?

लेबलवाचक
दुसरं. कारण आकड्यांतच आहे.

दह्यात दुधाची स्वतःची साखर 100 ग्रॅमला साधारण 4 ते साडेचार ग्रॅम असते. पहिल्या डब्यातली उरलेली साडेआठ-नऊ ग्रॅम वरून घातलेली. 150 ग्रॅमला ती 13 ग्रॅम होते, म्हणजे 50 कॅलरी, आणि तीही रोज. एचबीए1सी 6.1 असताना हे कशाला?

आता जिवाणूंचा आकडा. 100 ग्रॅमला 1 अब्ज म्हणजे ग्रॅममागे 1 कोटी. कोडेक्सच्या (आंतरराष्ट्रीय अन्नमानकं ठरवणारी संस्था) मानकात लेबलवर नाव घेतलेल्या जादा जिवाणूंसाठी ग्रॅममागे किमान 10 लाख मागितलेत, तेव्हा आकडा वाईट नाही. मेख आहे ती 'उत्पादनाच्या वेळी' या दोन शब्दांत. बीबी-12 हे बिफिडो कुळातलं, आणि या कुळाला ना प्राणवायू मानवतो ना आंबटपणा. फ्रीजमध्येही संख्या घटत जाते. ज्या डब्यावर 'मुदत संपेपर्यंत' असा आकडा दिलाय तो घ्या, आणि घ्यायचाच तर बिनसाखरेचा. जिवाणूच्या नावापुढे ला-5सारखी प्रकाराची खूण नसेल, नुसतं 'अ‍ॅसिडोफिलस' असेल, तर कुठल्या प्रकाराबद्दल बोलायचं तेच कळत नाही.

'आंबवल्यानंतर उष्णताप्रक्रिया' असं कुठे बारीक अक्षरात दिसलं तर आतलं सगळं मेलेलं आहे, हेही बघून ठेवा.

घेरपट्टी
पण गॅसेरी या दुसऱ्या प्रोबायोटिक जिवाणूचं काय? जपानमध्ये पोटातली चरबी सीटी स्कॅनवर मोजून कमी झालेली दाखवली आहे.

चाचणीखोर
दाखवली आहे, पण नीट वाचा. 2010चा तो अभ्यास 87 जणांवर, लॅक्टोबॅसिलस गॅसेरी एसबीटी2055 या एकाच प्रकाराचा. रोज 200 ग्रॅम आंबवलेलं दूध, 12 आठवडे. आतड्याभोवतीच्या चरबीचं क्षेत्रफळ 4.6 टक्के घटलं, वजन 1.4 टक्के. 80 किलोच्या माणसाला हे सव्वा किलोच्या आत. 2013ला 210 जणांवर पुन्हा केलं तेव्हाही चरबी घटली, पण खाणं थांबवल्यावर 4 आठवड्यांत फरक ओसरायला लागला. म्हणजे पाहुणा जिवाणू मुक्काम ठोकत नाही. रोज खाल तोवर आहे. आणि मापटं यांच्या पहिल्या डब्यात गॅसेरी नाहीच, तेव्हा हा निकाल त्या डब्याच्या खात्यावर मांडता येत नाही.

ला-5 आणि बीबी-12 यांचंच बघा. 2012ला टाइप 2 मधुमेह असलेल्यांना 6 आठवडे रोज 300 ग्रॅम दिलं. साध्या दह्याच्या तुलनेत उपाशीपोटीची साखर आणि एचबीए1सी दोन्ही थोडे उतरले. त्यानंतर हेच दोन जिवाणू जास्त वजनाच्या 156 प्रौढांना दिले, मुदत तीच, आणि साखरेच्या नियंत्रणात काही सुधारणा दिसली नाही. शिवाय 6 आठवड्यांत एचबीए1सी पुरता हलत नाही. तो सुमारे तीन महिन्यांचा हिशेब सांगतो.

साध्या दह्याची बाजू उलट बरी आहे. अमेरिकेतल्या 1,20,877 जणांच्या पाहणीत (2011) रोजच्या खाण्यात दह्याचा एक हिस्सा वाढवलेल्यांचं वजन दर 4 वर्षांत सुमारे 370 ग्रॅमने कमी वाढलं. ही पाहणी आहे, प्रयोग नाही. दही खाणारे इतरही गोष्टी सांभाळतात. 2024 मध्ये अमेरिकेच्या एफडीएने (अन्न आणि औषध नियामक) 'आठवड्याला किमान 2 कप दही आणि टाइप 2 मधुमेहाचा कमी धोका' असा दावा लिहू दिला, पण पुरावा मर्यादित असल्याचं सोबत लिहायच्या अटीवर. तो दावा दही या पदार्थाबद्दल आहे, जादा जिवाणूंबद्दल नाही.

माझं मत: घेरावर परिणाम होईल तो दह्याने कशाची जागा घेतली यावरून. जेवणानंतरच्या गोडाऐवजी आलं तर फायदा, त्या गोडाच्या जोडीला आलं तर वजन वाढेलच.

कवडीदही
विरजणाबद्दल. पहिल्या डब्यातलं विरजण घालून दही लागेल, पण ला-5 आणि बीबी-12 मागे पडतील. दोन्ही दुधात सावकाश वाढतात. दह्याचे नेहमीचे दोन जिवाणू, थर्मोफिलस आणि बल्गेरिकस, 42 अंशाला सुसाट वाढतात आणि आंबटपणा वाढवून बाकीच्यांची वाट अडवतात. दोन-तीनदा विरजण पुढे नेलं की मूळचं प्रमाण धरून चालू नका. चवीचा डबा तर विरजणाला घेऊच नका; त्यातला स्टार्च आणि सुगंध उगाच दुधात येतात.

साधं दही घट्ट हवं असेल तर 1 लिटर दूध 85 अंशांवर 20-30 मिनिटं ठेवा. निवळीतली प्रथिनं उलगडून केसीनला (दुधातलं मुख्य प्रथिन) चिकटतात, म्हणून कवडी पडते आणि पाणी कमी सुटतं. 42-43 अंशांवर आलं की 20-30 ग्रॅम विरजण थोड्या दुधात फेटून घाला. 5 ते 7 तास भांडं हलवू नका. 55 अंशांच्या दुधात विरजण टाकलं तर दूध तसंच राहतं, आणि 30 अंशांवर रेंगाळलं तर कधीकधी तार सुटते. विरजण जास्त घातलं की लवकर लागतं पण आंबट आणि दाणेदार होतं.

भूक आवरायला चक्का जास्त कामाचा. 1 किलो दही फ्रीजमध्ये 6-8 तास टांगून 400 ग्रॅमपर्यंत आणलं तर 100 ग्रॅमला 8 ग्रॅमच्या आसपास प्रथिनं मिळतात. थोडं कॅल्शियम निवळीबरोबर जातं.

मापटं
म्हणजे दुसरा डबा. आणि थायरॉइडच्या गोळीचं?

लेबलवाचक
गोळी आणि दही यात 4 तासांचं अंतर ठेवा, कॅल्शियम तिचं शोषण अडवतं. सिप्रोफ्लॉक्सासिन, टेट्रासायक्लिन ही प्रतिजैविकं चालू असतानाही दही त्या गोळीबरोबर घ्यायचं नाही. आणि रोगप्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असलेल्या कुणासाठी जादा जिवाणूंचा डबा आणत असाल, तर आधी डॉक्टरांना लेबल दाखवा.